बद्रीतात्याचं बिनखुरप्याचं रान

चकलांब्याच्या बद्रीतात्याला देवाने हात राखून काही दिलं नव्हतं. सहा एकर काळं रान, चैत्रापर्यंत न आटणारी विहीर, आष्टीला चांगल्या घरी दिलेली लेक, सोशीक बायको आणि बोलायला तोंड. हे शेवटचं देताना देवाचा हात जरा सैल सुटला होता, असं गावाचं म्हणणं. तात्याला स्वतःला मात्र एकच गोष्ट सलत होती, आणि ती म्हणजे गावाच्या कडेला राहणारी चंद्रभागाबाई.

चंद्रभागाबाई साठीची, काटक, बोलायला मोजकी. खुरपायला जाणाऱ्या बारा बायांची ती म्होरकी. आषाढात पावसाने चार दिवस उघडीप दिली की साऱ्या गावच्या कापसात एकाच आठवड्यात तण माजतं, आणि साऱ्या गावाला त्याच आठवड्यात त्याच बारा बाया पाहिजे असतात. रीत अशी होती की रानाच्या धन्याने स्वतः तिच्या ओट्यावर जाऊन बसायचं, कोरा चहा प्यायचा, तिच्या गुडघ्याची चौकशी करायची आणि मग कामाचा विषय काढायचा. निरोप धाडला तर ती येत नसे. शिवाय ती नंबराने जायची. दीड एकराचा धुळाजी आधी येऊन बसला असेल तर आधी धुळाजीचं रान, मग तात्याचं. सहा एकराचा माणूस दीड एकराच्या माणसामागे चहाची बशी धरून बसतो, हे तात्याला दरवर्षी नव्याने झोंबायचं.

त्या साली त्याला यावर तोड सापडली. बीटी कापूस येऊन पाच-सहा वर्षं झाली होती, बोंडअळीची धास्ती कमी झाली होती, आणि त्यामुळे बियाण्याच्या पाकिटातून काहीही निघू शकतं असा लोकांचा विश्वास बसला होता. गेवराईच्या राजेश्वरचं बी-बियाण्याचं आणि औषधांचं दुकान होतं. त्याने तात्याला आत बोलावून घेतलं आणि गल्ल्याखालून काही पाकिटं काढली. त्यांच्यावर कंपनीचं नाव नव्हतं आणि त्यांची पावतीही मिळणार नव्हती. माल गुजरातेतून येतो, एवढंच राजेश्वर म्हणाला. या कापसावर तणनाशकाचा पंप खुशाल मारायचा, कापूस जागचा हलत नाही, बाकीचं सगळं गवत आठ दिवसांत झोपतं. तात्या आधीच तीन वर्षं आपल्या बांधांवर तेच औषध मारत होता, तेव्हा औषधाचा गुण त्याला माहीत होता. आता कापसातच मारता येणार म्हटल्यावर त्याच्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा पीक आलं नाही, चंद्रभागाबाईचा ओटा आला.

त्याने सहा एकराची पाकिटं घेतली. वर चार पाकिटं आष्टीच्या व्याह्यांना, सुंदररावांना, भेट म्हणून धाडली. व्याह्याला उपकाराखाली ठेवण्याची अशी संधी कोण सोडतो?

पेरण्या आटोपल्या आणि तात्या धुतलेलं धोतर नेसून चंद्रभागाबाईच्या ओट्यावर गेला. धुळाजी आणि आणखी दोघं आधीच बसले होते. तात्या बसला नाही. उभ्यानेच त्याने सांगितलं, "मावशी, यंदापासून माझ्या रानाची वाट विसरा. माझं रान आता बिनखुरप्याचं हाय."

चंद्रभागाबाईने त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बरं. चहा घेता का?"

तात्याने चहा घेतला. ती चिडेल, गयावया करेल, निदान काही विचारेल तरी, अशी त्याची अपेक्षा होती. तिने काहीच केलं नाही म्हणून तो चहा त्याला जरा फिक्का लागला. पण घरी जाताना त्याची छाती दोन बोटं वर आली होती, हेही खरं.

कापूस वीतभर झाल्यावर तात्याने दोन गडी लावून सहा एकरावर पंप मारला. राजेश्वर खोटं बोलला नव्हता. दहा दिवसांत शिंपी, तांदुळजा, कुंजीर, माठ, दिवाळी, सगळं तण पिवळं पडून माना टाकून बसलं आणि त्यामधून कापूस हिरवागार वर आला. लोक वाट वाकडी करून बघायला येऊ लागले. तात्या बांधावर उभा राहून प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायचा. पाच-सहा जणांनी पुढच्या साली पाकिटं पाहिजेत म्हणून आत्ताच शब्द टाकला, तर काहींनी बाटल्या आणून कापसाच्या तासांच्या, म्हणजे ओळींच्या, मधून जपून औषध मारायला सुरुवात केली. गावातलं खुरपणीचं काम निम्म्यावर आलं. चंद्रभागाबाईच्या बाया सकाळी टेम्पोत बसून चार-पाच कोस लांबच्या शिवारात जाऊ लागल्या. टेम्पो तात्याच्या दारावरूनच जायचा. तात्या दात घासता घासता त्याच्याकडे बघायचा आणि त्याला काही वाटायचं नाही.

घरात मात्र एक प्रकार झाला. तात्याची बायको विजयमाला बावीस वर्षं सरकी टोबताना दर दहा-अकरा ठोंबांनंतर एक दाणा आपला टाकायची: कुठे भेंडी, कुठे चवळी, कुठे अंबाडी, कडेच्या तासात वाळूक. श्रावण-भादव्यात घरची भाजी तिथूनच यायची आणि चार घरी वाट्यानेही जायची. यंदाही तिने तसंच टोबलं होतं. सांगायचं काय त्यात, बावीस वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. आणि पंप मारताना तात्याच्या ते ध्यानातच आलं नाही. कापसाने औषध पचवलं. भेंडीने, चवळीने आणि अंबाडीने काही ते पचवलं नाही.

विजयमाला भांडली नाही. तिने फक्त पिठलं केलं. दुसऱ्या दिवशीही पिठलं केलं. सहाव्या दिवशी तात्याने चाचरत विचारलं की भाजी काही नाही का, तेव्हा ती म्हणाली, "हाय की, रानात. वाळून पडलीय, आणू का?"

तात्याने पिठल्यात भाकरी कुस्करली. एवढ्या मोठ्या कामात थोडं इकडेतिकडे व्हायचंच, असं त्याने मनाशी ठरवलं आणि आष्टीला व्याह्यांना फोन लावला. आपल्या रानाचं वर्णन करता करता मोबाइलमधला बॅलन्स संपत आला, तेव्हा त्याने सुंदररावांना पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी रान बघायला यायचं आमंत्रण दिलं. येताना चार माणसंही आणा म्हणाला.

आणि मग केना आला.

केना म्हणजे काही कुणी वाघ-सिंह नव्हे. जमिनीलगत पसरणारं, मऊ पानांचं, इवल्या निळ्या फुलांचं गवत. दर साली यायचं. बाया खुरपताना त्याची कोवळी पानं ओटीत टाकून नेत, बेसनात बुडवून भजी करत, आणि उरलेलं म्हशी आवडीने खात. त्याला कुणी तणात धरतच नव्हतं. तात्याला तो पहिल्यांदा दिसला तो बांधाच्या कडेला, पिवळ्या पडलेल्या गवतात हिरवागार. राहिलं असेल चुकून, म्हणून त्याने त्याच्यावर पुन्हा पंप मारला. केन्याची पानं चार दिवस मलूल झाली आणि पाचव्या दिवशी टवटवीत होऊन त्याने आणखी दोन फांद्या सोडल्या. राजेश्वरला विचारलं तर तो म्हणाला, औषध वाढवा. तात्याने औषध वाढवलं. केना पण वाढला. बाकीचं गवत मेल्यामुळे त्याला आता ऊन, पाणी, खत वाटून घ्यायला कुणी नव्हतं, आणि तात्याने कापसाला टाकलेला युरिया तो आधी खाऊन उरलेला कापसाला देत होता.

पोळा पंधरा दिवसांवर आला तेव्हा तात्याचा धीर सुटला. त्याने बैल जुंपले आणि कापसाच्या तासांतून कोळपं फिरवलं. मनात म्हणाला, औषधाने मरत नाहीस तर लोखंडाने मर. कोळप्याने केन्याचे तुकडे तुकडे झाले. त्या संध्याकाळी तात्या कितीतरी दिवसांनी शीळ वाजवत घरी आला. रात्री रिमझिम झाली. केन्याचा स्वभाव असा की त्याच्या कांडीच्या जेवढ्या पेरांना ओली माती लागेल तेवढ्या पेरांना मुळ्या फुटतात. पाचव्या दिवशी तात्या रानात गेला आणि बांधावर मटकन बसला. जिथे एक केना होता तिथे दहा झाले होते. सहाच्या सहा एकरात निळी फुलं डोलत होती आणि कापूस त्यात गुडघाभर बुडाला होता.

आता इथे तात्याची खरी पंचाईत होती, ती नीट समजून घेतली पाहिजे. केना काढला नाही तर कापसाला बोंड धरणार नाही, वर्ष हातचं जाणार. काढायचा तर बाया पाहिजेत. बाया आणायच्या तर ज्या तोंडाने रानाची वाट विसरा म्हणालो त्याच तोंडाने या म्हणावं लागणार. आणि वर व्याही चार माणसं घेऊन यायचे. अडला हरी गाढवाचे पाय धरी अशी म्हण आहे, पण इथे ती लागू होत नव्हती, कारण चंद्रभागाबाईला गाढव म्हणायची गावात कुणाची छाती नव्हती. गाढव कोण, हे तात्याला दिसू लागलं होतं, पण माणूस शेवटची पळवाट शोधल्याशिवाय काही कबूल करत नाही.

तात्याने शोधली. मारुतीच्या देवळातल्या भोंग्यावरून त्याने गावाला कळवलं की बद्रीनाथतात्याच्या रानात उत्तम वैरण आहे, ज्याला पाहिजे त्याने केना फुकट उपटून न्यावा. एरवी दुसऱ्याच्या बांधावरचं मूठभर गवत काढायलाही विचारावं लागतं. फुकट वैरण म्हटल्यावर अख्खं गाव विळे घेऊन धावेल आणि दोन दिवसांत रान चकाचक, असा त्याचा हिशेब होता. आपण कुणाला बोलावलं नाही, कुणापुढे वाकलो नाही, आणि वर दानशूर म्हणून नाव झालं. स्वतःच्या हुशारीवर तात्या इतका खूश झाला की त्या दिवशीचं पिठलंही त्याला गोड लागलं.

दुसऱ्या दिवशी रानात कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. तेव्हा तात्या सकाळी टेम्पो थांबतो तिथे जाऊन उभा राहिला. बाया डबे आणि खुरपी घेऊन बसत होत्या. बहुतेकींच्या घरी म्हैस होती, हे तात्याला ठाऊक होतं. तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "कावून ग, कुणीच येईना? चांगला कवळा केना हाय. तुमच्याच म्हशींसाठी म्हनतोय."

बाया एकमेकींकडे बघू लागल्या. चंद्रभागाबाई टेम्पोच्या फाळक्याशी बसली होती. ती शांतपणे म्हणाली, "तात्या, त्या केन्यावर तीनदा औषध पडलंय. त्यानं काय होतं अन् काय न्हाई, आमाला ठावं न्हाई. तुमी आधी तुमच्या म्हशीपुढं टाका. तिनं खाल्लं की आमी समद्याजणी येतो."

टेम्पो गेला. तात्या तसाच रानात गेला आणि त्याने तावातावाने केन्याचा एक भारा उपटला. औषधाच्या बाटलीवर कुठेही म्हशीचं नाव नाही, अडाणी बायांना काय कळतं, असं पुटपुटत तो गोठ्यात आला. त्याची मुऱ्हा म्हैस दोन्ही वेळचं मिळून बारा लिटर दूध देत होती. भारा बघताच तिने दावं ताणून मान पुढे केली, जीभ बाहेर काढली. तात्या एक पाऊल पुढे झाला. मग थांबला. म्हशीने फुसकारा टाकला. तात्या मागे सरला.

विजयमाला गोठ्यात शेण भरत होती. ती उभी राहून बघत होती.

"टाका की," ती म्हणाली.

तात्याला कुणी हरवलं नव्हतं, कुणी टोमणा मारला नव्हता, तरी त्याला भयंकर लाज वाटली. आपल्या दावणीला घालायला आपला हात धजत नाही ते आपण भोंग्यावरून ओरडून गावाच्या दावणीला घालायला निघालो होतो, हे त्याला अगदी स्वच्छ दिसलं. पूर्वी हाच केना बायांच्या ओटीतून घरोघर जायचा, त्याची भजी व्हायची. आता तो माणसाला नको, जनावराला नको, आणि मरतही नाही. त्याने तो भारा गोठ्यामागच्या दगडांवर नेऊन टाकला, हात साबणाने दोनदा धुतले, आणि संध्याकाळी टेम्पो परत यायची वाट बघत बसला.

चंद्रभागाबाईच्या ओट्यावर तो गेला तेव्हा अजून उजेड होता. बसला. तिने चहा दिला. तात्याने गुडघ्याचं विचारलं. गुडघा बरा होता. मग त्याने आडवळण न घेता सांगितलं की मावशी, रान केन्याने घेतलंय, मला जमत नाही, तुम्ही या.

चंद्रभागाबाईला चार शब्द सुनावायचे असते तर आज तिचा दिवस होता. तिने विचारलं ते वेगळंच. कोळपं मारलं का? तात्याने मान हलवली. पावसाआधी की नंतर? आधी. तिने कपाळाला हात लावला आणि पहिल्यांदाच हसली.

"तीन सालं तुमी बांधाला औषध मारताय," ती म्हणाली. "मरनारं समदं मरून गेलं. त्यातूनबी जे तगलं, त्याचंच बी रानात उतरलं. तालमीतला गडी झालाय तो आता. अन् त्याचं बी वर धरतं तसं मातीखालीबी धरतं. लई नीट काढावा लागंल."

पुढचे चार दिवस तिने दुसऱ्यांना शब्द दिला होता, तो मोडणार नव्हती. पोळ्याआधीचे दोन दिवस ती बाया घेऊन येणार होती. पोळ्याला सुट्टी, आणि उरलंसुरलं दुसऱ्या दिवशी. नेमके त्याच दिवशी सुंदरराव यायचे होते. पण तात्या हो म्हणाला. घरी येऊन त्याने विजयमालाला सांगितलं की विहीणबाईंना फोन कर, ओढ्याला पाणी आलंय, रस्ता तुटलाय, यंदा येऊ नका म्हणून सांग. विजयमाला आत जाऊन फोनवर बोलली आणि बाहेर येऊन म्हणाली, जे सांगायचं ते सांगितलं. तात्याचा जीव भांड्यात पडला.

ठरल्या दिवशी बाया आल्या. दोन दिवस तात्या त्यांच्यामागे टोपली घेऊन फिरला. बाया खुरप्याचं टोक मुळाच्या खाली घालून केना अलगद उचलत, माती झाडत आणि तासात न टाकता टोपलीत टाकत. मातीखालच्या पांढऱ्या कोंबांना बारीक बी लागलेलं असतं, तेही उकरून घेत. तात्याने टोपल्या वाहून माळावरच्या खडकावर उन्हात पसरल्या. दोन दिवसांत चार एकर मोकळं झालं आणि कापसाने श्वास घेतल्यासारखं वाटू लागलं. तात्या थकला होता आणि मजेत होता. बायांचं हसणं, एकमेकींना चिडवणं, मध्येच कुणाची तरी ओवी, हे ऐकत काम करायला त्याला आवडत होतं, आणि हे त्याला पन्नाशीला आल्यावर कळत होतं.

पोळा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी बाया अकराच आल्या. बारावी, सटवाची सून, सणाला माहेरी गेली ती परतली नव्हती. खुरपताना प्रत्येकीने ठरावीक तासांची एक पट्टी धरायची असते, तिला पात म्हणतात. चंद्रभागाबाईने अकरा पाती लावून दिल्या, एक जादा खुरपं काढलं आणि तात्यापुढे धरलं.

"बारावी पात तुमी धरा."

ती चेष्टा करते आहे का हे तात्याने तिच्या तोंडाकडे बघून ताडायचा प्रयत्न केला. ती चेष्टा करत नव्हती, तिला बारावं माणूस पाहिजे होतं. शेवटी आज कोण येणार आहे बघायला, असा विचार करून तात्याने धोतराचा काचा मारला, बायांसारखी ओटी नव्हती म्हणून कमरेला उपरणं बांधलं आणि पातीत बसला.

अर्ध्या तासात त्याला कळलं की दुसऱ्याचं काम बांधावरून फार सोपं दिसतं. मांड्या भरून आल्या. केना मध्येच तुटायचा आणि मग तुटलेला तुकडा बोटांनी शोधावा लागायचा. दोन्ही बाजूंच्या बाया बोलता बोलता पुढे निघून गेल्या. दुपार व्हायच्या आत अकराही पाती पलीकडच्या बांधाला भिडल्या आणि तात्या एकटा रानाच्या मधोमध राहिला. तेवढ्यात वाटेवर जीप थांबली आणि तिच्यातून सुंदरराव उतरले. मागे चार माणसं उतरली.

तात्याने आधी घराच्या दिशेने पाहिलं आणि मनात विजयमालाला नमस्कार केला. कापूस कमरेएवढा होता. आणखी थोडं वाकलं असतं तर तो दिसलाही नसता, आणि तो खरोखर तसा वाकला. सुंदरराव बांधावर बायांपाशी येऊन उभे राहिले. साफ झालेल्या रानावरून त्यांनी नजर फिरवली. बरोबरची माणसंही बघत होती. "काय रान हाय," सुंदरराव मोठ्याने म्हणाले. "एक काडी न्हाई गवताची. ह्याला म्हनायचं औषध. कुठं हायत आमचे व्याही?"

बाया गप्प होत्या. कुणी तात्याकडे बोट दाखवलं नाही आणि कुणी सुंदररावांना खरं काय ते सांगितलं नाही. तात्याच्या लक्षात आलं की त्या आपल्यासाठी गप्प आहेत. आता उठून, मिशीला पीळ देऊन हो म्हटलं तर सगळं निभावून जाणार होतं. नाव राहणार होतं. आणि ती चार माणसं उद्या राजेश्वरच्या दुकानात जाणार होती. तात्याच्या डोळ्यांपुढे म्हशीची ताणलेली मान आली. तो गुडघ्यावर हात टेकून उठला. डोक्याला माती, हातात खुरपं, कमरेला गरोदर बाईसारखं फुगलेलं उपरणं.

"हितं हाय," तो म्हणाला. "औषध न्हाई हो पाव्हणं. औषधानं समदं मेलं, हा एक केना उरला, अन् त्यानं माझं रान खाल्लं. हे साफ दिसतंय ते ह्या बायांनी केलंय. मी पात धरलीय, पन मला काय जमंना."

मग सुंदररावांनी टोपी काढून डोकं खाजवलं.

"मग आमी कुनाला इचारावं?" ते म्हणाले. "तुमी धाडलेली चार पाकिटं मी लावली. ह्या चौघांनीबी गेवराईतूनच आनून लावली. समद्यांची रानं केन्यानं भरलीत. तुमाला कायतरी तोड सापडली आसंल म्हनून आलतो आमी."

आधी धाकट्या बायांपैकी कुणी तरी फिसकन हसलं. मग सगळ्याच हसल्या, आणि मग रानाच्या मधोमध उभा असलेला तात्याही असा हसला की उपरण्याची गाठ सुटून केना पायांवर सांडला. तो पुन्हा एकेक काडी वेचत खाली बसला. हसताना त्याला इतकं हलकं वाटत होतं की गेले दोन महिने आपण काय वाहत होतो याचं त्याचं त्यालाच नवल वाटलं. सुंदररावांनी चंद्रभागाबाईला विचारलं की या बाया आष्टीला येतील का, जीप पाठवतो.

"आष्टीला बाया न्हाईत का?" चंद्रभागाबाईने विचारलं.

सुंदरराव म्हणाले की आहेत, पण यंदा त्यांना नको म्हणून सांगितलं होतं.

"मग त्यांच्याकडं जावा," ती म्हणाली. "येतील त्या. नीट इचारा म्हंजे झालं."

एवढं बोलून ती उठली. भाकरीची गाठोडी बांधावर बाभळीखाली ठेवलेली होती, ऊन डोक्यावर आलं होतं, आणि सुंदररावांना वाटलं आता बाया जेवायला बसतील. पण चंद्रभागाबाईपाठोपाठ सगळ्याच उठल्या. बांधावरून खाली उतरून त्या तात्याच्या पातीच्या पुढच्या टोकाला आल्या आणि तिथून उलट्या दिशेने त्याच्याकडे खुरपत निघाल्या. सुंदररावांनी विचारलं, आधी जेवून का घेत नाही?

"पात मागं ऱ्हायली न्हवं का त्यांची," चंद्रभागाबाई मान वर न करता म्हणाली. "एकाची पात मागं ठेवून बाकीच्यांनी भाकर खायची न्हाई. आमच्यात तसं करत न्हाईत."

ती हळू बोलली होती, पण तात्याला प्रत्येक शब्द ऐकू आला. जूनमध्ये एका कप चहावर या बारा जणींना मागे ठेवून आपण छाती काढून घरी गेलो होतो, रोज त्यांचा टेम्पो दारावरून जाताना बघत दात घासत होतो. आणि आज मागे राहिलो ते आपण. त्याने मान खाली घातली आणि जितक्या भराभर जमेल तितकं खुरपायला लागला, कारण समोरून येणाऱ्यांना निदान दोन हात तरी रान कमी खुरपावं लागावं असं त्याला मनापासून वाटलं.

थोड्याच वेळात ते समोरासमोर आले. तात्या आणि चंद्रभागाबाई यांच्यामध्ये केन्याचा एकच ठोंब राहिला, चांगला पसरलेला, निळ्या फुलांचा. दोघांचीही खुरपी एकदमच पुढे झाली. चंद्रभागाबाईने आपलं मागे घेतलं.

"काढा तुमी," ती म्हणाली.

तात्याने टोक मुळाखाली घातलं, दुसऱ्या हाताने बुडखा धरला आणि घाई न करता उचललं. मातीखालच्या पांढऱ्या कोंबांसकट सगळा ठोंब वर आला. त्याने माती झाडली, कुठे काही तुटून राहिलंय का ते दोनदा बघितलं, आणि ठोंब उपरण्यात ठेवला. मग सगळे भाकरी खायला गेले.